कधीही पडेल

"जीव गेला तरी या कमानीचा एक दगड हलू देणार नाही!" अशी भर बाजारात गर्जना करून नगराध्यक्ष भाऊसाहेबांनी रहमतुल्ला मिस्त्रींच्या खांद्यावर शाल टाकली. कमान मिस्त्रींच्या आजानं बांधलेली. महिन्याभरातच भाऊसाहेबांच्या नव्या कॉम्प्लेक्सला रस्ता अरुंद पडला, आणि कमानीवर नोटीस लागली : 'शिकस्त. कधीही पडेल.'

शेलूबाजारहून आणलेल्या जेसीबीचे दोन दात तुटले, पण कधीही पडणारी कमान तीन दिवस पडेना. समोर शाल पांघरून बसलेल्या मिस्त्रींपुढं चौथ्या दिवशी भाऊसाहेब हात जोडून उभे राहिले. मिस्त्रींना वाटलं, आले माफी मागायला.

"चाचा, लयच पक्की बांधली बाप्पा तुमच्या आजानं! कोठून ठोकली म्हंजे पडते, तेवढं दाखवून द्या."