सहावी धून

पहिली धून.

"बगदाद रेडिओ," जवाद अंकल लगेच म्हणाले. "नाव सांगतो, पण त्याला कलाकार म्हणू नका. खाटीक हाडं फोडतो तशा ऊदच्या तारा छेडायचा."

नाव बरोबर. गुण : १.

सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या एका स्मृती-क्लिनिकमध्ये डॉ. चैत्राली फॉर्म भरत होती. थेरपिस्ट निशिकांत लॅपटॉपवरून धुना वाजवत होता. अंकलशेजारी त्यांची मुलगी रीम. सहा धुना, प्रत्येक कुणाची ते ओळखायचं; सहा गुण. पाच मिळाले तर भाषणाला हरकत नसल्याचं पत्र मिळणार, आणि शनिवारच्या सत्कारात संगीतकार जवाद स्वतः बोलणार. नाही मिळाले तर ते नुसते बसणार, बोलणार रीम.

दुसरी. गुण : १.

तिसरी. अंकल बराच वेळ छताकडे बघत राहिले. गुण : ०. रीमने पर्स घट्ट धरली.

चौथी. "हा माझ्याकडे शिकायचा. शिकला नाही." गुण : १.

पाचवी. गुण : १.

"आता सोपं आहे," निशिकांत चैत्रालीला मराठीत म्हणाला. "सहावी त्यांचीच ठेवलीय मी. झोपेतही सांगतील."

सहावी. पन्नास वर्षं अरबांच्या लग्नांत वाजणारं गाणं. आतापर्यंत अंकलची बोटं मांडीवर, नसलेल्या ऊदच्या तारांवर चालत होती. ती थांबली.

"कुणाचं आहे, अंकल?"

"तौफिकचं."

रीम हसली. "बाबा, नीट ऐका. तुमचं आहे हे."

"तौफिकचं. बसरा, एकाहत्तर साल. तो तापाने पडून होता. अंगात निळा शर्ट. तो गुणगुणायचा, मी उशाशी बसून उतरवून घ्यायचो. तो गेला. कागदावर खाली नाव लिहायचं राहिलं होतं." अंकलनी ओठ पुसले. "मी माझं लिहिलं."



"चौथी ओळही आहे याला. ती मी रेकॉर्डमध्ये घेतली नाही. ती ऐकून त्याच्या बायकोने गाणं ओळखलं असतं."

त्यांनी ती गुणगुणली. आवाज फाटका, सूर पक्का. आधीच्या तीन ओळी इतकी वर्षं हिचीच वाट बघत होत्या, हे निशिकांतला ऐकताक्षणी कळलं.

"शनिवारी हेच सांगायचंय," अंकल म्हणाले. "नाहीतर मला कशाला हवाय सत्कार?"

रीमने पर्स मांडीवर ठेवली. उघडली. परत बंद केली.

"डॉक्टर, तुमच्या कागदावर काय उत्तर आहे?" तिने विचारलं.

चैत्रालीने बघितलं. "संगीतकार : जवाद."

"मग हे चूक धरायचं ना?"

"चैत्राली," निशिकांत मराठीत, चेहरा हसरा ठेवून म्हणाला, "म्हातारा खरं बोलतोय."

"कळतंय मला."

"मग?"

"आपण खरं-खोटं तपासत नाही. आठवण तपासतो."

"अगं, आठवतंय म्हणूनच तर सांगतोय ना."

"ते तू या छापील उत्तराला सांग. पत्राखाली सही माझी असते, तुझी नाही."

गुण : ०.

एकूण : ४.

शेरा : स्वतःची रचना ओळखता आली नाही. सार्वजनिक भाषण टाळावं.

"पास झालो?" अंकलनी विचारलं.

चैत्रालीने रीमकडे बघितलं.

"छान केलंत, बाबा," रीम म्हणाली.

"मग शनिवारी मला निळा शर्ट काढून ठेव."

"हो बाबा. निळाच."

तिने त्यांना हात धरून उठवलं. फोनवरून ग्रॅब टॅक्सी बोलावली. दारापर्यंत जाताना अंकलनी चौथी ओळ पुन्हा धरली, या वेळी जरा मोठ्याने. बाहेर बाकांवर बसलेली दोन माणसं माना वळवून बघू लागली.

रीम थांबली. पर्समधून नवा मास्क काढला. त्यांच्या एका कानामागे दोरी अडकवली, मग दुसऱ्यामागे. आणि नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबून नीट बसवली.