उणे दहा व्होल्ट
सुफिया प्रॅक्टिकलमध्ये पास झाली. पण ते अजून झालेलं नाही, असं समजा. दौंड, २००३, बोर्डाची इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा. पास झाली तरच कुरकुंभच्या कंपनीत नोकरी होती. तिच्या इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरला एक व्होल्ट दिला की चिन्ह उलटून दहापट, म्हणजे उणे दहा यावेत. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये तसे आलेही. परीक्षकांच्या मीटरवर मात्र अधिक दहा. "मायनस कुठं गेला?" सरांनी विचारलं. मीटरच्या लाल-काळ्या वायरी त्यांनीच उलट्या लावल्या होत्या. "सांग की," शेजारच्या टेबलावरून मी कुजबुजलो. "परीक्षकाची चूक काढून कोण पास झालंय?" म्हणत तिनं सरांसाठी आलेला चहाचा कप त्यांच्यापुढं धरला. "सर, गार होईल. चहा घ्या, मग नापास करा." कप घ्यायला सरांनी वायरी सोडल्या, तिनं हळूच सुलट्या लावल्या. चहा संपला, मीटरवर उणे दहा. "चहानं फरक पडतो," सर म्हणाले. तरी बोर्डाने प्रयोगाच्या साहित्यात एक कप चहा मंजूर करावा, ही नम्र विनंती.