पाऊण इंच

दिगंबरने धनुष्याच्या साइटचा स्क्रू सैल केला, नेम धरायची हिरवी पिन पाऊण इंच खाली सरकवली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला. मग अ‍ॅलन की खिशात टाकून तो गॅरेजचं दार उगाचच तपासून आला. बाहेर शनिवारची दुपार होती. शेजारच्या कॅरलच्या अंगणात पानं गोळा करायचं मशीन घरघरत होतं, आणि आपल्याच मुलीच्या धनुष्याशी चोरासारखा वागणारा हा पन्नाशीचा माणूस घामाने भिजला होता.

त्या पिनच्या मूळ जागी पांढरी खूण होती. बायकोच्या, सुवर्णाच्या, नेलपॉलिशने ती त्यानेच केली होती. उन्हाळाभर बापलेकीने हे कंपाउंड बो ट्यून केलं होतं. गॅरेजमध्ये चौकटीत कागद ताणून बसवायचा, त्यातून बाण सोडायचा आणि भोक बघायचं. कागद तिरका फाटला तर बाण वाकडा उडतोय. तीन वीकेंड खटपट केल्यावर भोक गोल पडलं, तेव्हा दिगंबरने तो कागद ऑफिसात नेऊन दाखवला होता. बाणाच्या वजनावरून मात्र दोघांचं वाजलं होतं. त्याला हलके बाण हवे होते. सेकंदाला तीनशे फूट, स्पीड म्हणजे स्पीड. अनयाने सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर एकेक बाण तोलला आणि चौतीस ग्रॅमचे जड बाण निवडले.

"फास्ट नको बाबा, डीप हवाय," ती म्हणाली होती. "हलका बाण हाडापाशी अडकतो. हरणीला कळायच्या आत संपलं पाहिजे. शी शुडन्ट सफर."

तोवर दिगंबरला सगळं कागद आणि फोमच्या टार्गेटपुरतंच वाटत होतं. मग अनयाचं शिकारीचं लायसन्स आलं आणि त्याची झोप उडाली. तसा तो काही माळकरी नव्हता. दर रविवारी त्यांच्या घरी चिकनचा रस्सा होई आणि तंगडीवर पहिला हक्क त्याचाच असे. पण ते चिकन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येई. हे डोळे असलेलं हरीण, आणि ते मरणार त्याने ट्यून केलेल्या धनुष्याने. शिवाय मंडळाच्या दिवाळीत चारचौघं विचारणार, दिगंबर, तुझी मुलगी काय करते म्हणे? मुलीला सरळ नको म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. म्हणून त्याने गणित केलं. पिन पाऊण इंच खाली, तर नेम धरताना धनुष्य तेवढं वर उचललं जाणार आणि वीस यार्डांवर बाण सव्वा फूट वर. हरणाच्या पाठीवरून निघून जाईल. हरीण वाचेल, पोरगी एकदा हुकेल, कंटाळेल. कोणाचंच काही बिघडणार नाही.

अनया तपासून बघेल ही भीती त्याला नव्हती. बाबांनी बसवलेलं ती कधीच पुन्हा तपासत नसे.

रविवारी पहाटे ती कॅरलबरोबर शिकारीला गेली, ती थेट संध्याकाळी परत आली. आल्यावर बराच वेळ गॅरेजमध्येच होती. चिखलाचे बूट धूत असेल, असं सुवर्णाला वाटलं. मग ती जेवायला येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते. सुवर्णाने ताट वाढलं, तिने हात लावला नाही.

"दहा यार्डांवर आली होती," ती म्हणाली. "मचाणाच्या अगदी जवळ."

दिगंबरचा घास हातातच राहिला. दहा यार्ड. गणित त्याने वीसचं केलं होतं. दहावर सव्वा फुटाचं निम्मंच होतं. बाण पाठीवरून गेला नव्हता, पाठीत गेला होता.

"मग?" सुवर्णाने विचारलं.

"मग ती पळाली. आम्ही ब्लड ट्रेल बघत बघत गेलो. सात तास, आई. तळ्याकाठच्या गवतात पडली होती. जिवंत होती. आमच्याकडे बघत होती. दुसरा बाण कॅरलने मारला. मला जमलंच नाही."

सुवर्णाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, पण तू तर किती प्रॅक्टिस केली होतीस."

"माझा हात हलला," अनया म्हणाली. "बाबांचं ट्यूनिंग परफेक्ट होतं. चूक माझी आहे."

दिगंबरला पहिल्यांदा जे वाटलं, ते हायसं वाटणं होतं. कोणाला कळलेलं नाही. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी किळस आली की समोरचं ताट दिसेना. एका जिवाने सात तास सोसलं होतं आणि एका पोरीने ते आपल्या माथी घेतलं होतं, आणि हा सुटलो म्हणत होता. आत्ता बोल, त्याने स्वतःला सांगितलं. त्याने तोंड उघडलं आणि सुवर्णाकडे भात मागितला.

जेवण झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला. उद्यापरवा ती टार्गेटवर बाण मारून बघेल, त्याच्या आत पिन जागेवर गेली पाहिजे. एवढं उरकलं की मग हे आपण आपल्याशीच भोगायचं, असं त्याने ठरवलं होतं. धनुष्य खुंटीवर टांगलेलं होतं, पुसून स्वच्छ केलेलं. त्याने खिशातून अ‍ॅलन की काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि साइटजवळ वाकला.

पिन पांढऱ्या खुणेवर होती. जेवायला बसण्याआधीच अनयाने ती जागेवर आणून ठेवली होती.