साच्याचं नाव

“हा ‘गुंजन’ ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा? नाव सांगा.”

परीक्षक दीनानाथ सरांचा प्रश्न अगदी सोपा होता. उज्ज्वलाने मान खाली घातली.

पुसदला कॉम्प्युटरची तोंडी परीक्षा चालली होती. पास झाली तर तांड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवायची नोकरी नक्की होती. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण लाडात येऊन तिने वस्तूला लेकीचं नाव दिलं आणि साच्याला नवऱ्याचं! टाइप करताना गोड वाटलं. ते तोंडाने घ्यावं लागेल हे कुणाच्या डोक्यात?

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तांड्यावर मानत. त्यात कापसाची ती वर्षं अशी, की आज या गावातून, उद्या त्या गावातून कुणी ना कुणी शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची. अशा दिवसांत एका परीक्षेपायी शेतकरी नवऱ्याचा जीव कोण पणाला लावणार? शिवाय सोबतीला आलेली सासू, मानीबाई, मागच्या बाकावरच बसली होती.

“येत नसेल तर पुढे जाऊ,” सर म्हणाले.

“येते सर. पण थे गुंजनच सांगन. बापाचं नाव लेकीनं घेतलं त चालते.”

तिने एक ओळ लिहिली. ऑब्जेक्टने आपल्या क्लासचं नाव स्वतःच सांगावं, अशी. बटण दाबताच स्क्रीनवर उमटलं : सुनील.

सर खो-खो हसले आणि “पास!” म्हणून निघून गेले.

मानीबाई हळूच पुढे आली. “याच्यातून तुह्या सासऱ्याचं नाव निघते का वं?”

उज्ज्वलाने नवा क्लास लिहिला. नाव आलं.

“वाच. मले कुठं वाचता येते?”

उज्ज्वलाने स्क्रीनच तिच्याकडे वळवली. सासऱ्याचं नाव सून कशी घेणार?

मानीबाईने काचेवर बोट टेकवलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं.

“देवसिंग,” ती म्हणाली. “जन्मभर नाव नाही घेतलं म्या. तरी गेला. तू सुनीलले नावानं हाक मारत जा, पोरी. थो ऐकाले आहे अजून.”