वाकडी करंगळी

पक्ष्यांची अंडी उंदरांपासून वाचवायला गल्लीतल्या मंडळींनी टेकडीवर पेट्या ठेवल्या होत्या. आत शाई आणि कागद. उंदीर फिरला की पाय उमटायचे, म्हणजे कुठे किती उंदीर आहेत ते कळायचं. नवरा रोज नोंदी ठेवणाऱ्या बाईंबरोबर पेट्या बघायला जायचा आणि इकडे बायकोच्या पोटात दुखायचं. पेटीतून चिठ्ठ्याबिठ्ठ्या जातात की काय, म्हणून तिने एकदा गुपचूप आत हात घातला.

बैठकीत नेमका तोच कागद निघाला. वाकड्या करंगळीसकट अख्खा पंजा. नुसत्या पायावरून उंदराची जात सांगणाऱ्या नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"माकड दिसतंय. लिहून घ्या, बाई."

बाईंची नजर समोर बसलेल्या बायकोच्या करंगळीवर गेली. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

घरी जाताना तिला बाईंचा राग उरला नव्हता. हेवा वाटत होता तो उंदरांचा.