तुलनेचं गाव

प्रवीणचं लग्न झालं त्याच वर्षी, १९९८ च्या भादव्यात, त्याचा बाप मुखरू तलावातून शेतांना पाणी सोडायच्या दाराची लोखंडी चावी कमरेला खोचून घरात-अंगणात येरझारा घालत होता. धान निसवायला आलं होतं, लोंब्या भरायला पाणी हवं होतं. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, त्याच्या वरच्या वस्तीची, वरच्या टोलीची पोरं कुऱ्हाडी घेऊन बसली होती. खालच्या टोलीची पोरंही निघाल्याचं कळलं होतं.

अंगणात खडूने काढलेले गोल अजून पुसले नव्हते. मुखरूची मुलगी ज्योत्स्ना नागपूरला पाण्याच्या भांडणांवर संशोधन करत होती, तिनेच ते काढले होते. वरच्यांनी दार बंद केलं की खालचे पाळ फोडतात. पाळ फुटली की वरचे दार आणखी दाबून ठेवतात. "भांडन मानसात नाई बाबा, ह्या फेऱ्यात हाये," ती म्हणायची.

सिंदेवाहीकडच्या एका गावात तिने यंदा एकच गोष्ट बदलली होती. चावी तिथल्या खालच्या टोलीकडे दिली होती. तिथे अजून कुणी शिवीसुद्धा दिली नव्हती.

"मंग आपल्या गावात काऊन नाई?" मुखरूने विचारलं होतं.

"आपलं गाव तुलनेचं हाये. इथी काई बदललं तं तिकडं फरक कशानं पडला, हे मले सांगता येनार नाई. माहा सारा अभ्यास मातीत जाईन. एवढा हंगाम थांबा."

मुखरू थांबला होता. घरातली पहिली शिकलेली पोर.

पाळीवरून आरोळ्या आल्या. नवी सून दारात उभी होती. "मामाजी, हे बी गेले जी तिकडं," ती म्हणाली.

मुखरूने चपला घातल्या नाहीत. पाळीकडे न जाता तो सरळ खालच्या टोलीत, तिथला म्होरक्या इसरूच्या अंगणात शिरला. दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. इसरू कुऱ्हाडीला धार लावत होता. मुखरूने चावी त्याच्या पुढ्यात टाकली.

"घे. आता शिव्या तू खा."

"येडा झाला का बे? तुह्या लोकाइले पानी कमी पडलं तं मलेच धरतीन ना!"

"मंग पुरवून सोड."

इसरू कुऱ्हाड तिथेच ठेवून, चावी उचलून दार उघडायला पाळीकडे चालू लागला.

त्या रात्री प्रवीण धडधाकट जेवायला घरी आला. ज्योत्स्नाला गाव अभ्यासातून वगळावं लागलं. दिवाळीपर्यंत ती बापाशी बोलली नाही.

इसरू २००७ च्या पौषात वारला. घरच्या खाटेवर, उशाशी चावी ठेवून, म्हातारपणानं.