रोज घेता का?

धोंडूकाकांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायलं आणि पंच्याच्या टोकाला गाठ मारली. नर्स पुढच्या खाटेकडे वळली होती. ऋतिका मात्र अजून तिथेच उभी होती.

गोळी गिळल्यावर माणूस पंच्याला गाठ कशाला मारेल?

ऋतिकाचं मेडिकलचं तिसरं वर्ष. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात सकाळी वॉर्डातली पोस्टिंग, आणि दुपारी त्याच वॉर्डात, त्याच लोकांना प्रश्न विचारून प्रोजेक्ट. "सकाळी तो पेशंट, दुपारी सब्जेक्ट. गल्लत करायची नाही," असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण हिची खोडच अशी, की उत्तर मिळालं तरी डोक्यातला किडा वळवळायचा थांबत नसे.

प्रोजेक्ट मधुमेहावर होता. गोळ्या रोज घेऊनही काहींची साखर उतरत का नाही? धोंडूकाका म्हणजे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, साखर हटेना, म्हणून सर उद्यापासून त्यांचा डोस वाढवणार होते. फॉर्मवरच्या 'गोळ्या रोज घेता का?' या प्रश्नापुढे ऋतिकानेच 'हो'वर खूण केली होती.

"चल ना यार," दारातून शौनक म्हणाला. प्रोजेक्ट दोघांचा होता आणि लॅपटॉप त्याचा. "सरांना चारच्या आत पाठवायचंय. झकास ग्राफ आलाय."

"एक मिनिट रे."

"तुझं एक मिनिट म्हणजे वाट लागली."

ती स्टूल ओढून काकांजवळ बसली. "काका, गाठीत काय आहे?"

काकांनी आधी नर्स कुठे आहे ते पाहिलं. मग गाठ सोडून दाखवली. आत गोळीचा अर्धा तुकडा होता.

"अर्धी माझी, अर्धी आमच्या मंडळीची. तिका पण साखर आसा. संध्याकाळी भेटूक येतली, तेव्हा देतलंय."

"अहो, मग काकूंनी आपला केसपेपर काढायचा ना!"

"सकाळी तिका घरकामां. तुमची ओपीडी पण सकाळीच. खाडो केल्यान तर काम जाता."

"आणि मला रोज घेतो म्हणून सांगितलंत!"

काका दुखावले. "खोटा नाय सांगलंय. रोजच घेतंय, कधी चुकवलंय नाय. कितकी घेतंय, ता खय इचारलंस?"

ऋतिकाला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. उद्या डोस वाढला की त्यातलाही अर्धा वाटा घरी जाणार होता, ज्या बाईला कोणी तपासलेलंच नाही तिच्याकडे.

"सरांना सांगावं लागेल, काका."

"सांग. पण तिची गोळी बंद करू नको, बाय."

"काकू आल्या की मला हाक मारा. मी थांबते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना आजच दाखवू त्यांना."

शौनकने दारातून सगळं ऐकलं होतं. ती जवळ येताच तो म्हणाला, "ठीक आहे, एक माणूस असा निघाला. त्याला काढून टाकू. ग्राफ फारसा हलणार नाही."

"किती घेता, हे बाकीच्यांना तरी आपण कुठे विचारलं?"

"म्हणजे आता सगळ्यांना परत विचारणार? आज पाठवलं नाही तर कॉन्फरन्स गेली, ऋतिका! पोस्टिंग सांभाळून वर्षभर घासलोय आपण."

खोटं काहीच नव्हतं त्यात. तिलाही त्या कॉन्फरन्सला जायचंच होतं. आईने तर अख्ख्या सोसायटीत सांगून ठेवलं होतं. तरी तिचे पाय बायकांच्या वॉर्डाकडे वळले. शौनक लॅपटॉप छातीशी धरून, करवादत मागे आला. खरं तर आता त्यालाही ऐकायचं होतं.

रुक्मिणीमावशी खाटेवर बसून केस विंचरत होत्या. कालच त्यांचा फॉर्म भरून झाला होता. त्यावरही 'हो'च होतं.

"मावशी, साखरेची गोळी तुम्ही नेमकी कशी घेता? सांगाल जरा?"

मावशींनी फणी खाली ठेवली. "हितं की घरी?"

"घरी."

"घरी आम्ही साखरेच्या तिघी आहोत गं," मावशी म्हणाल्या.